त्सुकामोतोच्या वाटेनं: चार माणसांत सिनेमा कसा करायचा

माझी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा सेट आणि मागच्या बाजूला भंगाराचा ढीग. भाचा पुण्यात शिकत होता तेव्हा तो मला एका फिल्म क्लबात घेऊन गेला आणि तिथं मी शिन्या त्सुकामोतो या जपानी दिग्दर्शकाचा ‘तेत्सुओ’ हा सिनेमा पाहिला. ६७ मिनिटांचा, काळापांढरा. एका नोकरदार माणसाच्या अंगातून लोखंड उगवायला लागतं आणि शेवटी त्याचं सगळं शरीरच भंगार होतं. मी आयुष्यभर लोखंडात काम केलंय, पण लोखंडाची अशी भीती कधी वाटली नव्हती. बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हे तर आपल्या शेडमध्ये झालं असतं.”

तेव्हापासून आम्ही सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये छोटे सिनेमे करतो. आतापर्यंत तीन झाले. कॅमेरा हातात कसा धरायचा इथपासून सगळं आम्ही त्सुकामोतोचं काम पुन्हा पुन्हा बघून शिकलो. ज्याच्याकडे फोन आहे, दोन-तीन माणसं आहेत आणि फिल्म इन्स्टिट्यूटला जायची सोय नाही, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी हा माणूस शिकला कसा, ते बघा. जन्म १ जानेवारी १९६०, टोकियो. चौदाव्या वर्षी वडिलांचा ८ मिलिमीटरचा कॅमेरा हाती आला आणि १९७४ साली त्यानं पहिला सिनेमा केला, दहा मिनिटांचा. कॉलेजात तो निहोन विद्यापीठाच्या कला महाविद्यालयात गेला, पण सिनेमा शिकायला नव्हे, तैलचित्र शिकायला. त्याआधीची जपानी पद्धत वेगळी होती. स्टुडिओत सहायक म्हणून लागायचं, वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली काढायची, मग कधीतरी दिग्दर्शनाची संधी. अकिरा कुरोसावा त्याच शिडीवरून चढले. त्सुकामोतो मोठा होईपर्यंत ती शिडीच मोडली होती. १९७१ साली दाइएई स्टुडिओचं दिवाळं निघालं, निक्कात्सु या दुसऱ्या स्टुडिओनं आपला कारखाना स्वस्तातल्या कामुक सिनेमांकडे वळवला. नव्या पोरांनी जायचं कुठं? त्यांनी स्वतःच्या खर्चानं, मित्रांना घेऊन ८ मिलिमीटरवर सिनेमे काढायला सुरुवात केली. जपानीत त्याला ‘जिशु एइगा’ म्हणतात, म्हणजे स्वतः होऊन केलेला सिनेमा. १९७७ पासून पिया फिल्म फेस्टिव्हलनं अशा सिनेमांना स्पर्धा आणि पडदा दिला.

आम्हा कोल्हापूरकरांना हे काही परकं वाटत नाही. बाबूराव पेंटरही मूळचे चित्रकारच. दामल्यांना सोबत घेऊन त्यांनी कॅमेरा इथंच बांधला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ब्रश धरणारा हात कॅमेऱ्याला लागला की चौकट वेगळी दिसते, हे त्सुकामोतोच्या सिनेमात जागोजाग जाणवतं.

आता कामाला लागू.

पहिली गोष्ट, काय बघायचं आणि कोणत्या क्रमानं. ‘तेत्सुओ’नं सुरुवात करू नका. आधी ‘देन्चू कोझोचं साहस’ बघा. हा १९८७चा, ८ मिलिमीटरवरचा, पाऊण तासाचा. एका शाळकरी पोराच्या पाठीतून विजेचा खांब उगवलाय आणि त्याला रक्तपिपासूंशी लढायचंय. आधी हे त्याच्या ‘काइज्यू थिएटर’ या मंडळीचं नाटक होतं, मग सिनेमा झाला आणि १९८८ साली त्यानं पियाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. यात सगळं उघडं दिसतं. खांब खोटा आहे, जागा अपुरी आहे, माणसं मोजकी आहेत. पहिल्यांदा नुसतं बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक युक्तीला थांबवून कागदावर लिहा की हे कसं केलं असेल. माझ्या वहीत अशा सदतीस नोंदी आहेत. त्यानंतर ‘तेत्सुओ’. त्यात हिंसा आणि लैंगिक दृश्यं आहेत, घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा.

दुसरी गोष्ट म्हणजे कथा. इथं बहुतेकांचं चुकतं. कथा आधी सुचते आणि मग तिच्यासाठी बंगला, गाडी, पोलीस, पाऊस शोधत फिरावं लागतं. तुम्ही उलट करा. तुमच्या ताब्यात काय आहे, त्याची यादी काढा. आमच्या यादीत होतं: शेड, भंगार, एक जुनी लुना, भाच्याची हॉस्टेलची खोली, आणि माझ्या आईचं पितळी भांड्यांचं कपाट. ‘तेत्सुओ’चं बरंचसं चित्रीकरण केइ फुजिवारा या त्याच्या सहकारी अभिनेत्रीच्या राहत्या घरात झालं. तिनं त्यात नायकाच्या मैत्रिणीचं काम केलं आणि कॅमेराही धरला. उरलेलं चित्रीकरण टोकियोच्या गल्ल्यांत आणि पडक्या कारखान्यांत. सिनेमात त्या घराच्या भिंती अंगावर येतात, कारण कॅमेऱ्याला मागं सरकायला जागाच नव्हती. खोली लहान असेल तर ती मोठी दाखवायचा खटाटोप करू नका. माणसाच्या कानापर्यंत, दातांपर्यंत जा.

काळापांढरा का, तेही सांगतो. आम्ही पहिला प्रयोग रंगीत केला. चांदीचा कागद चांदीचा कागद दिसला, पुठ्ठा पुठ्ठाच दिसला. तेच फुटेज भाच्यानं काळंपांढरं केलं आणि गडद भाग थोडा आणखी गडद केला. पुठ्ठा, प्लास्टिकची नळी, ॲल्युमिनियमचा रंग आणि खरं लोखंड एकाच धातूचे झाले. आमच्या खर्चातले निम्मे पैसे तिथंच वाचले.

आता मुख्य कारागिरी, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण त्सुकामोतोचा वेग इथून येतो. त्याच्या या सुरुवातीच्या सिनेमांत माणसं पाय न हलवता रस्त्यावरून सुसाट सरकतात. ही यंत्राची करामत नाही. एक चौकट टिपायची, माणसानं थोडं पुढं सरकून त्याच पवित्र्यात उभं राहायचं, दुसरी चौकट टिपायची. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चौकट टिपून दाखवली होती. फरक इतकाच की इथं रोपाच्या जागी जिवंत माणूस.

फोन ट्रायपॉडवर लावा. आम्ही बाकाच्या व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या पकडीत, जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून धरला, हलत नाही. कॅमेऱ्याच्या मॅन्युअल सेटिंगमध्ये जाऊन फोकस, उजेड आणि रंग, तिन्ही लॉक करा. हे केलं नाही तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि सगळं लुकलुकतं. ट्यूबलाइटखाली असाल तर शटर, म्हणजे एक फोटो टिपायचा वेळ, सेकंदाचा १/५० किंवा १/१०० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दुसरा कुठला वेग ठेवला तर पडद्यावर पट्टे फिरतात. (टोकियोतही ५० हर्ट्झच आहे. ओसाकात मात्र ६०.)

सेकंदाला २४ चौकटी असतात. प्रत्येक फोटो दोन चौकटी टिकवला तर सेकंदाला १२ फोटो पुरतात. म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्याला १२० फोटो. आता वेगाचा हिशेब. माणूस दर फोटोला एक बूट, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर सरकला, तर पडद्यावर तो सेकंदाला तीन मीटर जातो, तब्येतीत पळणाऱ्या माणसाइतका. दर फोटोला ७५ सेंटिमीटरची ढांग टाकली तर सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. तेही पाय न हलवता. हे गणित आधी कागदावर करा, रस्त्यावर खडूच्या खुणा करा आणि मगच माणसाला उभं करा.

कॅमेराही माणसाबरोबर पुढं न्यायचा असेल तर दोघांत दोन मीटरची दोरी धरा. दर फोटोला दोरी ताठ करायची, म्हणजे अंतर तेवढंच राहतं. फोनच्या पडद्यावर चौकटीच्या रेषा चालू करा आणि नायकाचं नाक कायम एकाच छेदावर ठेवा. नाक स्थिर राहिलं की मागची घरं, खांब, दुकानांच्या पाट्या सगळं वेड्यासारखं पळतं. आम्ही आमच्याच बोळात पहाटे साडेपाचला ८४ फोटो काढले. सात सेकंद. त्या सात सेकंदांना दीड तास लागला आणि शेवटच्या वीस फोटोंत सावल्या बदलल्या. मी म्हटलं पुन्हा करू. भाचा म्हणाला, “राहू दे मामा, त्यानंच जोर आलाय.” खरंच आला होता. ‘तेत्सुओ’तही उजेड असाच थरथरतो.

अंगावर धातू वाढताना दाखवायचा असेल तर उलट्या बाजूनं जा. आधी पूर्ण रूप तयार करा, सगळे तुकडे लावून पहिला फोटो घ्या. मग एकेक तुकडा काढत फोटो घेत जा आणि शेवटी फोटोंचा क्रम उलटा करा. तुकडे लावत लावत चित्रीकरण केलं तर हात थरथरतो, माणूस हलतो. काढायला सोपं असतं.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगतो. खरं भंगार उघड्या कातडीला लावू नका. लेथवरून निघालेल्या कुरळ्या चिप्स ब्लेडसारख्या असतात. अंगात घट्ट बनियन किंवा जुने मोजे कापून घालायला द्या, दुहेरी चिकटपट्टी त्यावर लावा. कडा कानशीनं घासून घ्या. चेहऱ्यासाठी पुठ्ठा आणि चांदीचा कागदच वापरा. डोळ्यांच्या जवळ वायर अजिबात नको. आमच्या शेडमधल्या एका पोराच्या गालाला पत्र्याची कड लागली, दोन टाके पडले. चूक माझी होती. त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा मी स्वतः बोट फिरवून तपासतो.

आवाजाकडे नंतर बघू, असं म्हणू नका. ‘तेत्सुओ’पासून त्सुकामोतोचं संगीत चू इशिकावानं दिलं, आणि त्यात लोखंडावरचे घाव हाच ताल आहे. इशिकावा २०१७ च्या डिसेंबरात गेला. त्यानंतरच्या ‘झान’ या सामुराईंच्या सिनेमासाठी त्सुकामोतोनं दुसरा संगीतकार बोलावला नाही. मित्राच्या जुन्या ध्वनिफिती काढून बसला आणि त्यातूनच संगीत जुळवलं. तीस वर्षांची दोस्ती अशी असते. आपण काय करायचं, तर वस्तू टेबलावर ठेवून वाजवू नका, थप्प असा मेलेला आवाज येतो. सुतळीनं टांगा. टांगलेला स्पॅनर घंटेसारखा वाजतो, टांगलेली पाइप बराच वेळ घुमते. फोन त्याच्यापासून हातभर लांब ठेवा, जवळ नेला तर आवाज फाटतो. माझ्या आईचं पितळी घंगाळ पाण्यानं निम्मं भरून वाजवलं आणि हळूहळू तिरकं केलं, तर सूर वाकतो. आमच्या दुसऱ्या सिनेमाचं अख्खं संगीत त्या घंगाळाचं आहे.

आता माणसं. ‘तेत्सुओ’चं काम दीड वर्ष चाललं आणि या काळात बरीच मंडळी एकेक करून निघून गेली. शेवटी त्सुकामोतो आणि नायकाचं काम करणारा तोमोरोवो तागुची, असे मोजकेच उरले. लेखन, दिग्दर्शन, फुजिवाराच्या जोडीनं कॅमेरा, कला, संकलन आणि खलनायकाची भूमिका, सगळं त्सुकामोतोनं ओढलं. लोक हे कौतुकानं सांगतात. मी जरा वेगळं सांगीन. माणसं गेली, कारण त्यांना राबवलं गेलं, आणि हे मी माझ्या अनुभवानं ओळखतो. दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मी पोरांना रात्री दोन-दोनपर्यंत थांबवलं, जेवणाचं बघितलं नाही. तिसऱ्या रविवारी कोणी आलं नाही. तेव्हा नियम केला: एका बैठकीला तीन तास, सुरुवातीला चहा, शेवटी जेवण, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते निघतानाच ठरवायचं. तरीही एखादा माणूस मधूनच जाईल. म्हणून कथेत मुखवटा, हेल्मेट किंवा पाठमोरं दृश्य ठेवा, म्हणजे त्याच्या जागी दुसरा उभा करता येतो.

स्वतः अभिनय करा. हे ऐकून लोक लाजतात, पण त्सुकामोतो स्वतःच्या सिनेमांत मोठमोठ्या भूमिका करत आला. ‘टोकियो फिस्ट’मध्ये तो नायक आहे आणि त्याला ठोसे मारणारा मुष्टियोद्धा त्याचा सख्खा भाऊ कोजी. घरचं माणूस वेळेवर येतं, आणि फेरचित्रीकरणाला तुम्ही स्वतः तर असताच. याच अभिनयानं पुढं त्याला मार्टिन स्कॉर्सेसींच्या ‘सायलेन्स’मध्ये मोकिचीची भूमिका दिली. समुद्रात क्रुसावर बांधलेला, लाटा अंगावर घेत भजन म्हणणारा शेतकरी. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

पोटापाण्याचं काय? सिनेमासाठी नोकरी सोडू नका. कॉलेजनंतर त्सुकामोतोनं जाहिराती बनवणाऱ्या कंपनीत काम केलं. पुढं नाव झाल्यावर स्टुडिओचं कामही घेतलं: १९९१चा ‘हिरुको’, १९९९चा एदोगावा राम्पोच्या कथेवरचा ‘जेमिनी’. पण प्रत्येक वेळी तो आपल्या छोट्या मंडळीकडे परत आला. व्हेनिसच्या महोत्सवात परीक्षक म्हणून बसून आल्यावरही तो कॅमेरा खांद्यावर घेऊन स्वतःचा सिनेमा स्वतः काढायचा. २००५ साली ‘हेझ’ हा जेमतेम पन्नास मिनिटांचा सिनेमा त्यानं डिजिटल कॅमेऱ्यावर केला. एक माणूस काँक्रीटच्या फटीत अडकलाय, बस एवढंच. सेट म्हणजे ती फट. सिनेमा आपल्या दोन हातांत मावेल एवढा ठेवायचा, हे मी त्याच्याकडून घेतलं.

आणि ज्याला पैसे मिळाले नाहीत म्हणून विषय सोडावासा वाटतोय, त्यानं ‘नोबी’ची गोष्ट ऐकावी. शोहेई ओओका दुसऱ्या महायुद्धात फिलिपाईन्समध्ये सैनिक होते, तिथं कैद झाले. त्या अनुभवातून त्यांनी ‘नोबी’ ही कादंबरी लिहिली: पराभूत, उपाशी जपानी सैनिक जंगलात भटकतायत आणि भुकेपोटी माणूस माणसाला खायच्या टोकाला आलाय. त्सुकामोतोनं ती शाळकरी वयात वाचली. सिनेमा करायचं अनेक वर्षं मनात होतं, पण पैसे घालायला कोणी तयार होईना. मधल्या काळात त्यानं तिथं लढून आलेल्या म्हाताऱ्या सैनिकांना भेटून त्यांच्या आठवणी ऐकून ठेवल्या. ती पिढी संपत चालली होती. शेवटी त्यानं स्वतःचे पैसे घातले, ट्विटरवर मदतीला माणसं बोलावली आणि स्वयंसेवकांना घेऊन काम सुरू केलं. मुख्य सैनिक तामुरा तो स्वतः झाला. २०१४ साली तो सिनेमा व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. जंगल इतकं हिरवं आणि इतकं सुंदर दिसतं, आणि त्यातच माणसांचं जे होतं ते बघवत नाही.

या गोष्टीतून करायचं काम असं: जो विषय आज परवडत नाही, त्याची वही उघडा. पैसे नसले तरी माणसं ऐकून ठेवता येतात. माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते. त्यांच्या बरोबरीचे आता तिघंच आहेत. दर महिन्याला एकाच्या घरी जातो, फोनवर आवाज टिपतो. सिनेमा होईल तेव्हा होईल.

संकलनाबद्दल थोडक्यात. पहिला कच्चा जोड झाला की तो आठवडाभर बघू नका. मग एकदा बघून प्रत्येक दृश्याचा शेवट अर्धा सेकंद कापा. आमचा १४ मिनिटांचा सिनेमा असा ११ मिनिटांचा झाला आणि कोणालाच काही कमी वाटलं नाही. सगळ्या मूळ फाइल्स दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. आमचा पहिला सिनेमा एकाच डिस्कवर होता. ती डिस्क गेली.

शेवटचं काम दाखवण्याचं. ‘तेत्सुओ’ टोकियोच्या नाकानो भागातल्या एका छोट्या थिएटरात लागला आणि १९८९ साली रोमच्या फांटाफेस्टिव्हलमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. पण मला जास्त भावतं ते ‘नोबी’च्या वेळचं. २०१५ साली, युद्ध संपल्याला ७० वर्षं होत होती तेव्हा तो जपानात लागला. त्सुकामोतो गावोगावच्या छोट्या थिएटरांत स्वतः जाऊन प्रेक्षकांशी बोलला, आणि पुढंही दर उन्हाळ्यात तो सिनेमा तिथं लागत राहिला.

तुम्ही शेडच्या भिंतीवर दाखवा. पांढरी चादर ओली करून ताणली तर सुरकुत्या राहत नाहीत. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. आवाजाचा स्पीकर मागं नव्हे, पडद्याखाली ठेवा. ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांच्या घरच्यांना बोलवा आणि त्यांना पुढच्या रांगेत बसवा. तुम्ही मात्र पडद्याकडे पाठ करून बाजूला उभे राहा, वहीत वेळ लिहित: कुठल्या मिनिटाला लोक हलले, कुठं खोकले, कुठं फोन काढला. आमच्या तिसऱ्या सिनेमात सहाव्या मिनिटाला चार जणांनी फोन काढले. दुसऱ्या दिवशी ते दृश्य कापलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा चादर भिजवली.